वराचा विवाहवेश

वराचा विवाहवेश : विवाहसमारंभात वराने परिधान करावयाची वस्त्रे, शिरोभूषणे, अलंकार व पादत्राणे, तसेच त्या दिवशी त्याच्या हाती किंवा मस्तकावर असणारी शस्त्र, छत्र इ. चिन्हे यांना मिळून वराचा विवाहवेश म्हणता येईल. वराच्या पाठीशी बसणारा करवला, त्याचे भाऊ व मामा, तसेच वऱ्हाडातील मानकरी यांच्या खास पोशाखाचाही त्यात अंतर्भाव होतो. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने महाराष्ट्रातील व अनुषंगाने गोव्यातील विवाहवेशाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

मराठीत लग्नाच्या दिवशी वराचा उल्लेख ‘नवरदेव’ व ‘वरराजा’ अशा दोन शब्दांनी करतात. या दोन शब्दांत विवाहवेशाच्या दोन परंपरा सूचित झाल्या आहेत. धर्मविधीत वर हा पूज्य अतिथी, विष्णुस्वरूप मानला जातो. त्याचा तेथील वेश न शिवलेल्या, शुचिर्भूत वस्त्रांचा असतो. मिरवणुकीत मात्र तो एका दिवसाचा राजा असतो आणि त्याचा वेश दरबारी पोशाखाचे अनुकरण करतो. पहिल्या वेशाचे नियम शास्त्राने व कुलाचाराने घातले. दुसऱ्याचे नियम राजसत्ता, जात व गाव यांनी ठरविले. त्यामुळे वराने काय ल्यावे, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा कधीच नव्हता. वराचा वेश कोणी निवडावयाचा आणि कोणाला कोणता वेश घालण्याची मुभा आहे, हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

विधिवेश : गृह्यसूत्रांच्या काळात विवाहविधीसाठी अहत, म्हणजे नवे व कोणी न वापरलेले वस्त्र योग्य मानले जाई. अधोवस्त्र व उत्तरीय अशी दोन वस्त्रे हा वेशाचा गाभा होता. वेदाध्ययन संपवून गुरुगृहाहून परतणारा स्नातक हाच विवाहास योग्य समजला जात असल्यामुळे समावर्तन संस्कारातील वेश व विवाहवेश यांचा निकटचा संबंध आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात समावर्तनाच्या वेळी मणी, कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्र, पादत्राणे, दंड, माळ, उटणे, अंजन व उष्णीष (पागोटे) या वस्तू मिळवाव्यात, असे सांगितले आहे. ब्रह्मचाऱ्याला जे वर्ज्य ते स्नातकाला विहित, असा या यादीचा आशय आहे. महाराष्ट्रात सोडमुंजीच्या वेळी मुलगा डोक्याला वस्त्र गुंडाळून, पायांत जोडा घालून व हाती छत्री-काठी घेऊन काशीयात्रेस निघाल्याचे नाटक करतो आणि मामा मुलगी देण्याचे आश्वासन देऊन त्याला परत आणतो. हा त्याच परंपरेचा अवशेष होय.

कर्मठ घराण्यांत लग्नहोम व सप्तपदी यांसाठी वर सोवळे नेसतो. त्यासाठी पीतांबर, कद किंवा मुकटा यांपैकी एखादे रेशमी वस्त्र वापरतात व अंगावर उपरणे किंवा शेला घेतात. शिवलेले वस्त्र धर्मकृत्यास गौण, या समजुतीमुळे मिरवणुकीत अंगरखा किंवा कोट घालून आलेला वरही होमाच्या वेळी तो उतरवून ठेवी. वधूच्या पदराला वराच्या उपरण्याची गाठ मारतात. न शिवलेल्या वस्त्राला मोकळे टोक असल्यामुळे ही गाठ सहज बसते. पुढे वराने सूट वापरण्यास प्रारंभ केल्यावरही केवळ या गाठीसाठी त्याच्या खांद्यावर उपरणे किंवा शेला टाकण्याची प्रथा टिकून राहिली.

मस्तकावर मुंडावळ्या किंवा बाशिंग बांधणे हे महाराष्ट्रातील विवाहवेशाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. मुंडावळ्या फुलांच्या वा मोत्यांच्या असून त्या कपाळावर आडव्या बांधतात व दोन्ही कानशिलांवरून त्यांचे सर खाली सोडतात. बाशिंग हे भेंड, रंगीत कागद, बेगड व मणी यांचे केलेले मुकुटासारखे शिरोभूषण असून ग्रामीण व बहुजन समाजात ते विशेष प्रचलित आहे. ही चिन्हे वधू व वर या दोघांनाही बांधतात. बाशिंगाचे महत्त्व भाषेतही उतरले आहे : लग्नास उतावीळ झालेल्याने ‘गुडघ्याला बाशिंग बांधले’ असे म्हणतात, तर विवाहयोगाला ‘बाशिंगबळ’ म्हणतात. बाकीचा पोशाख शतकाशतकाला बदलला, पण कपाळावरचे हे चिन्ह कायम राहिले.

राजवेश : दख्खनच्या सुलतानी राजवटींत जामा, कमरबंद व पागोटे असा दरबारी पोशाख रूढ झाला. मराठेशाहीत अंगरखा, तुमान किंवा चोळणा, कमरेस शेला आणि मस्तकी पगडी, पागोटे वा मंदिल असा त्याचा थाट होता. या काळात वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हते, तर ते अधिकाराचे चिन्ह होते. छत्रपतींकडून पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळणे म्हणजेच पेशवेपद मिळणे असा अर्थ होता. कर्तबगारीबद्दल सरदारांना पोशाख देत, तसेच निरोपाच्या वेळीही वस्त्रे देत. लग्नातील आहेराची प्रथा या दरबारी शिष्टाचाराच्या सान्निध्यातच वाढली. म्हणूनच पोशाख देणारा, तो घेणारा आणि देण्याचा क्रम या तिहींना लग्नात मानपानाचे स्वरूप प्राप्त झाले.

पेशवाईतील थाटाच्या लग्नाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे १७८३ मध्ये पुणे येथे झालेले सवाई माधवराव पेशवे यांचे लग्न होय. नाना फडणीसांच्या देखरेखीखाली या समारंभाच्या तपशीलवार यादी तयार करण्यात आल्या होत्या. वराचे वय त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. त्याचा वेश ठरविणे हे कारभाऱ्यांचे व वडीलधाऱ्यांचे काम होते, हे उघडच आहे. सामान्य घरांतही वर बहुधा अल्पवयीन असे व त्याला विचारण्याचा प्रश्नच येत नसे.

किनखाप, जामेवार, भरजरी शेला, शिरपेच, तुरा, गळ्यात कंठा, कानात भिकबाळी व हातात कडे हे श्रीमंती वराचे लेणे होते. पैठण, येवले व बऱ्हाणपूर येथील जरीकाम त्यासाठी प्रसिद्ध होते. शिरोभूषणावरून वराची जात, प्रांत व दरबार ओळखता येई. पगडी पगडबंदाकडून साच्यावर कायमची बांधून घेतात, तर पागोटे व फेटा दर वेळी नव्याने बांधावा लागतो. पुणेरी, शिंदेशाही व होळकरी या घडणी संस्थानपरत्वे भिन्न होत्या. सामान्य कुणब्याच्या घरी वर्षभर मुंडासे बांधणारा तरुण लग्नात नवे पागोटे, नवा बाराबंदीवजा अंगरखा व धोतर घाली. मराठा व अन्य अनेक समाजांत वराच्या हाती कट्यार देतात व तिच्या टोकास लिंबू खोचतात. हे दृष्ट लागू नये म्हणून केले जात असले, तरी शस्त्रधारी पुरुष हाच वर, अशी कल्पनाही त्यामागे दिसते.

गावगाडा व वऱ्हाडी पोशाख : वराचा वेश एकट्या कुटुंबाकडून पूर्ण होत नसे. अनेक गावांत न्हावी वराची हजामत करून त्याच्या घोड्यापाशी किंवा छत्रीपाशी राही, चांभार नवा जोडा देई, परीट पायघड्या घाली, तर माळी मुंडावळ्या पुरवी. या सेवांबद्दल धान्य, नारळ व वस्त्र मिळण्याचा त्यांचा हक्क असे. अशा रीतीने वराच्या मस्तकापासून पायापर्यंत गावगाड्याचा हात लागलेला असे. सीमांतपूजनाच्या वेळी वधूपिता गावाच्या वेशीवर वराचे पूजन करून त्याला वस्त्रे देई. मिरवणुकीचा पोशाख अनेकदा याच प्रसंगी अंगावर चढे.

वराच्या सोबत्यांपैकी करवला हा बहुधा धाकटा भाऊ किंवा भाचा असतो. त्याला वराच्या वेशाची लहान प्रतिकृती शोभेल असे कपडे व फेटा देतात. करवलीप्रमाणे त्याचाही मान ठरलेला असतो. वधूच्या भावाने वराचा कान पिळण्याच्या ‘कानपिळी’च्या विधीत वराकडून त्याला शेला, पागोटे किंवा अन्य वस्त्र मिळते. व्याही, मामा, पाटील व सोयरे यांना फेटा बांधणे आणि इतरांना टोपी व टॉवेल देणे हा ग्रामीण भागातील पुरुषांचा ठरीव आहेर आहे. फेटा कोणाला बांधला व कोणाला नुसती टोपी दिली, यावरून अनेक लग्नमंडपांत रुसवेफुगवे झालेले आहेत.

वेशाचा हक्क : घोडा, छत्र, शस्त्र व उंची शिरोभूषण ही राजचिन्हे लग्नाच्या दिवसापुरती सामान्य माणसास लाभत, परंतु ती सर्वांना लाभत नव्हती. पेशवेकालीन कागदपत्रांत लग्नाच्या मिरवणुकीत घोड्यावर बसण्याच्या हक्कावरून जातीजातींत झालेल्या तंट्यांचे उल्लेख येतात. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील वराने घोड्यावरून मिरवू नये, वाद्ये लावून गावातून जाऊ नये व उंची वस्त्रे घालू नयेत, असे निर्बंध देशाच्या अनेक भागांत पाळले जात. वराचा वेश हा एका दिवसाच्या राजेपणाचा वेश असल्यामुळेच तो कोणास नाकारावयाचा, यावर गावातील वरिष्ठ जातींचा कटाक्ष असे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कायद्याचे उत्तर देण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून दागिने व उंची पोशाख वापरण्यास किंवा सामाजिक व धार्मिक रूढी पाळण्यास प्रतिबंध करणे हा गुन्हा ठरविला गेला. या अधिनियमाचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती करण्यात आली. त्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवी वस्त्रे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास आणि वरातीत घोड्यावर किंवा अन्य वाहनावर बसण्यास अडथळा करणे हे स्पष्ट शब्दांत गुन्हे म्हणून नमूद केले. नवी वस्त्रे व वरातीचा घोडा यांचा उल्लेख एकविसाव्या शतकातील कायद्यात करावा लागावा, यावरून हा निर्बंध किती चिवट आहे याची कल्पना येते. देशाच्या काही भागांत अशा वराती अडविल्याच्या आणि पोलीस बंदोबस्तात काढाव्या लागल्याच्या घटना त्यानंतरही घडल्या आहेत.

इंग्रजी अमलातील बदल : अव्वल इंग्रजी अमदानीत पगडी, अंगरखा व उपरणे हाच प्रतिष्ठित वेश राहिला; मात्र त्याचे कापड बदलत गेले. मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, तर १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. विलायती व गिरणीच्या कापडामुळे हातमागाच्या वस्त्रांना स्पर्धा निर्माण झाली, तरी नागपूर व उमरेड भागातील रेशीमकाठी धोतरजोडे व उपरणी लग्नाच्या आहेरात मानाची समजली जात. अंगरख्याची जागा हळूहळू लांब कोटाने व पगडीची जागा रुमालाने, पुढे टोपीने घेतली. विवाहात काळा रंग सामान्यतः वर्ज्य मानला जात असूनही वराचा काळा कोट व काळी टोपी समाजाने स्वीकारली. हा कचेरीतील व शिकल्यासवरल्या माणसाचा पोशाख असल्यामुळे रंगाचा दोष प्रतिष्ठेपुढे फिका पडला असावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतून विजार, कोट व नेकटाय यांचा प्रवेश झाला. सूट-बूट घातलेल्या वराच्या कपाळावर मुंडावळ्या, हे दृश्य नवरदेव व नवशिक्षित यांचा मेळ घालणारे होते.

स्वदेशी चळवळीने वराच्या वस्त्राला राजकीय अर्थ दिला. १९०५ मध्ये पुणे येथे व १९२१ मध्ये मुंबईत परळ येथे विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. त्यानंतर राष्ट्रीय वृत्तीच्या कुटुंबांत खादीचे धोतर, सदरा व पांढरी टोपी घालून विवाह होऊ लागले. जरीचा भपका टाळणे हे येथे दारिद्र्याचे लक्षण न राहता व्रताचे लक्षण ठरले.

सुधारणांचा परिणाम : जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी झाला. पुरोहिताविना, अल्प खर्चात व परस्परांच्या प्रतिज्ञांनी विवाह होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले. विधीवरील पुरोहिताची सत्ता गेल्यावर विधिवेशाचे बंधनही शिथिल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बौद्ध विवाहाविषयी डिसेंबर १९५६ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी होम व सप्तपदी नसलेला साधा विधी सांगून वधू व वर या दोघांनीही शुभ्र वस्त्रे परिधान करावीत, असे सुचविले. त्यानुसार बौद्ध समाजात विधीसाठी पांढरा वेश रूढ झाला. ज्यांना उंची वस्त्रे नाकारली गेली होती, त्यांनी राजवेशाची नक्कल करण्याऐवजी दोघांना समान असा नवा वेश पत्करला, हे यातील मर्म आहे. त्याचबरोबर वरातीचा घोडा व फेटा यांचा हक्कही अनेकांनी आग्रहाने बजावला.

गोवे व मराठवाडा : गोव्यात विवाहवेशाला राजाज्ञेचे वेगळेच परिमाण लाभले. पोर्तुगीज अमलाखालील इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांतील विवाहाच्या अनेक देशी चाली निषिद्ध ठरविल्या; पुरुषांच्या ‘पुडव्या’वर (धोतरावर) व स्त्रियांच्या चोळीवरही बंदी घातली. गोव्यातील ख्रिस्ती वराचा युरोपीय सूट हा केवळ अनुकरणातून आलेला नाही, तर त्यामागे असा सक्तीचा इतिहासही आहे. तथापि वराच्या सोबत्याला तेथे ‘धेडो’ व वधूच्या सोबतिणीला ‘धेडी’ असे देशी शब्दच राहिले. पोशाख बदलला, तरी नात्याची नावे मात्र बदलली नाहीत.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील शेरवानी हा सर्वधर्मीय प्रतिष्ठितांचा औपचारिक पोशाख असल्यामुळे मुस्लिम वराप्रमाणेच अनेक हिंदू घरांतील वरही तो वापरीत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे विणले जाणारे सूत व रेशीम यांचे हिमरू कापड शेरवानीसाठी नावाजलेले होते. मुस्लिम विवाहातील सेहरा व हिंदू विवाहातील मुंडावळ्या यांत वराचे कपाळ व मुख फुलांच्या सरांनी अंशतः झाकण्याची कल्पना समान आहे.

निवडीचा अधिकार : वराच्या वयात झालेली वाढ ही त्याच्या वेशाच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. १९२९ च्या बालविवाह निर्बंधक कायद्याने वराचे किमान वय १८ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते २१ झाले. शिक्षण व नोकरी यांमुळे प्रत्यक्षात विवाहाचे वय वाढलेच होते. त्यामुळे वडीलधाऱ्यांनी सजविलेल्या बालकाच्या जागी स्वतःची पसंती सांगणारा प्रौढ पुरुष आला. तथापि पसंती वराची व खर्च वधूपित्याचा, अशी नवी विसंगती त्यातून निर्माण झाली. लग्न ठरविताना करावयाच्या ‘यादी’त हुंडा व मानपान यांच्या जोडीला ‘वराचा पोशाख’ हे कलम असे. एकेकाळी सीमांतपूजनात आदरार्थ दिलेले वस्त्र आता सूट, जोडा, घड्याळ व अंगठी अशा मागणीत परिणत झाले. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाने हुंडा बेकायदेशीर ठरविला. मागणीविना व रूढीनुसार दिलेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ मध्ये करण्यात आले. सन्मानाची भेट व लादलेली मागणी यांतील सीमारेषा वराच्या पोशाखाबाबत आजही पुसट आहे. नोंदणी विवाहात कोणत्याही विशिष्ट वेशाची कायद्याला आवश्यकता नसते, ही बाब त्यामुळे अनेक साध्या कुटुंबांना सोयीची वाटते.

आधुनिक काळ : १९६० नंतर टेरिलीन व टेरिकॉट या कृत्रिम धाग्यांच्या कापडांना वरपोशाखात मान मिळाला. १९७०–८० च्या सुमारास सफारी सूटही लोकप्रिय झाला. गेल्या काही दशकांत याच्या उलट प्रवाह दिसतो. शेरवानी, जोधपुरी कोट, कुर्ता व धोतर यांबरोबर अंगरखा, शेला व पगडी असा ‘पेशवाई’ थाट ऐतिहासिक चित्रपट व मालिका यांच्या प्रभावाने पुन्हा प्रचारात आला. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. वराच्या मित्रमंडळींनी व दोन्हींकडच्या वऱ्हाड्यांनी एकाच रंगाचे फेटे बांधण्याची पद्धत शहरांतही पसरली असून फेटे बांधणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला आहे. उंची पोशाख भाड्याने मिळू लागल्यामुळे दरबारी वेश आर्थिक दृष्ट्या अधिकांच्या आवाक्यात आला. सामुदायिक विवाहसोहळ्यांत आयोजकांकडून वरांना बहुधा एकसारखे कपडे दिले जातात.

अशा प्रकारे जातीची व दरबारची खूण असलेली पगडी व फेटा आज हौसेची वस्तू बनली आहे. पूर्वी मानकऱ्यांपुरता असलेला फेटा मंडपातील सर्वांच्या, क्वचित स्त्रियांच्याही मस्तकी दिसतो. विधिवेश व राजवेश यांतील भेद मात्र नाहीसा झालेला नाही. एकाच दिवसात सोवळे, शेरवानी व सूट असे तीन वेश बदलणारा वर नकळत या साऱ्या इतिहासातून जात असतो. वेशाची निवड आता बव्हंशी वराच्या हाती आली आहे. पण तो वेश लेऊन गावच्या रस्त्याने निर्वेधपणे जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक वराला लाभले, तरच ती निवड खऱ्या अर्थाने त्याची ठरेल.